ऐकणाऱ्याची खुर्ची

न्यूयॉर्कच्या ईस्ट व्हिलेज भागातल्या एका नव्याण्णव खुर्च्यांच्या थिएटरात सध्या आमचा एकपात्री प्रयोग चालू आहे. विषय आहे शोलेम अलेखेम (१८५९–१९१६) या यिडिश, म्हणजे पूर्व युरोपातल्या ज्यूंच्या भाषेत लिहिणाऱ्या, लेखकाचं आयुष्य आणि लेखन. मी या प्रयोगाची स्टेज मॅनेजर. रंगमंचावर एकटा नट दोन तास असतो. त्याच्या मागे मी, प्रकाश आणि ध्वनी सांभाळणारा एक ऑपरेटर, एक सहायक आणि एक यिडिश शिक्षिका अशी माणसं दिवसभर राबतात. १३ मे ही लेखकाची पुण्यतिथी. त्या दिवशी प्रयोगानंतर जाहीर वाचनही असतं, त्यामुळे वर्षातला सगळ्यात भरगच्च दिवस हाच. तो असा जातो.

सकाळी ८

पहिली चौकशी आवाजाची. आमचे नट सत्तरी ओलांडलेले आहेत आणि प्रयोगाच्या दिवशी दुपारपर्यंत मौन पाळतात. फोन न करता ते दोन शब्दांचा मेसेज पाठवतात : ‘आवाज ठीक’. तो आला की माझा दिवस सुरू.

मग पुढच्या आठवड्याचं वेळापत्रक. ज्यू प्रेक्षकांसाठी नाटक करायचं तर घड्याळाआधी सूर्य पाहावा लागतो. शुक्रवारी सूर्यास्ताला शब्बाथ, म्हणजे ज्यूंचा विश्रांतीचा दिवस, लागतो, म्हणून शुक्रवारी संध्याकाळी प्रयोग नाही. शनिवारचा प्रयोग शब्बाथ सुटल्यावर. मे महिन्याच्या मध्याला इथे सूर्य आठनंतर मावळतो, म्हणजे शनिवारी साडेनऊच्या आधी पडदा उघडता येत नाही. जानेवारीत हाच प्रयोग सात वाजता लागू शकतो.

त्यानंतर हक्कांची पत्रं. लेखक जाऊन शंभर वर्षं उलटली, त्यामुळे मूळ यिडिश कथा कुणीही वापराव्यात. पण इंग्रजी अनुवाद अलीकडचे आहेत आणि त्यांचे हक्क अनुवादकांकडे किंवा प्रकाशकांकडे असतात. आमच्या संहितेत कुठला उतारा कुणाच्या अनुवादातला आणि कुठला आम्ही स्वतः केलेला, याचा तक्ता मी ठेवते. नटाने तालमीत एखादं वाक्य बदललं तर तो बदलही तक्त्यात चढतो.

सकाळी १०.३०

यिडिशची शिकवणी. प्रयोग मुख्यतः इंग्रजीत आहे, पण सहा-सात उतारे यिडिशमध्ये होतात आणि भाषांतर पडद्यावर दिसतं. यिडिश हिब्रू लिपीत, उजवीकडून डावीकडे लिहितात. आमच्या नटाच्या घरी ती बोलली जायची, पण वाचायला ते मोठेपणी शिकले. त्यामुळे त्यांच्या प्रतीत मूळ ओळीखाली रोमन अक्षरांत उच्चार लिहिलेला असतो.

आजचा प्रश्न बोलीचा. शोलेम अलेखेमचा जन्म कीव्हजवळच्या पेरेयास्लावचा, बालपण वोरोन्कोव या खेड्यातलं. युक्रेनकडची यिडिश आणि आज वर्गात शिकवली जाणारी प्रमाण यिडिश यांच्या स्वरांत फरक आहे. ‘काय’ला पुस्तकात ‘वोस’ म्हणतात, तिकडे ‘वुस’. जुन्या यिडिश रंगभूमीनेही व्होलिनियाकडची दक्षिणी बोलीच प्रमाण मानली होती. शिक्षिकेचं मत असं की, तेव्ये दूधवाला आणि येंटे ही कोंबड्या विकणारी बाई यांच्या तोंडी ‘वुस’च हवं, पण लेखक व्यासपीठावरून वाचतो तेव्हा उच्चार थोडा नीटनेटका करावा. नटाने दोन्ही तऱ्हांनी म्हणून पाहिलं. स्वर बदलला तशी मानही बदलली. येंटेसाठी ती पुढे आली, लेखकासाठी ताठ झाली. हा बदल मी संहितेच्या कडेला पेन्सिलीने टिपून घेतला.

दुसऱ्या महायुद्धाआधी ही भाषा बोलणारे एक कोटीहून अधिक लोक होते. नाझींनी मारलेल्या साठ लाख ज्यूंपैकी बहुसंख्यांची मातृभाषा यिडिश होती. शिक्षिका एका स्वरासाठी अर्धा तास देते त्यामागे हे कारण आहे. ज्या गावांनी तो स्वर घडवला त्या गावांत आता तो ऐकायला मिळत नाही. नटाच्या तोंडून तो नीट उमटला, तर निदान या सभागृहात तरी ऐकू येईल.

दुपारी १

थिएटरात पोचून सामानाची मांडामांड. नेपथ्य मोजकं आहे : एक उंच डेस्क, एक टेबल, दोन खुर्च्या, कोट अडकवायचा स्टँड. टेबलावरच्या प्रत्येक वस्तूची जागा टेपने आखलेली आहे, कारण अंधारात हात चाचपडला की पात्र निसटतं. दुधाची किटली तेव्येची. पत्रांचा गठ्ठा मेनाखेम-मेंडलचा, म्हणजे एकेक धंदा बुडवून दर वेळी नव्या आशेने बायकोला पत्र लिहिणाऱ्या सट्टेबाजाचा. मातीचं मडकं येंटेचं. मखमली जाकीट, नाकावर बसणारा चष्मा आणि काठी खुद्द लेखकाची. छायाचित्रांतला शोलेम अलेखेम लांब केसांचा, टोकदार दाढीचा, कपड्यांचा शौकीन गृहस्थ दिसतो. त्याची पात्रं फाटक्या खिशाची, म्हणून ते जाकीट आम्ही दर प्रयोगाआधी ब्रश करतो.

डेस्कवर हस्तलिखिताचे कागद असतात. लेखकाला १३ या आकड्याची धास्ती होती. त्याच्या हस्तलिखितात तेरावं पान नसायचं. आमच्याही कागदांवर बारानंतर थेट चौदा आहे. प्रेक्षकांना हे कधीच दिसत नाही. नट मात्र पान उलटतो, तो आकडा पाहतो, आणि त्या क्षणी तो त्या माणसाच्या भीतीसकट उभा असतो. हा लेखक गेला तो नेमका १३ तारखेला, १९१६च्या मे महिन्यात, ब्राँक्समधल्या ९६८ केली स्ट्रीटवरच्या घरात. त्याच्या समाधीच्या दगडावर तारीख कोरली आहे : १२-अ.

दुपारी ३

तालीम. आज फक्त ‘मडकं’, त्याची १९०१ सालची कथा. तसं पाहिलं तर ती संबंध कथा म्हणजे एकाच बाईचं बोलणं आहे. येंटे रब्बीकडे, म्हणजे ज्यू धर्मगुरूकडे, एक धार्मिक शंका विचारायला आली आहे : चुलीवर शेजारणीचं दूध उतू जाऊन माझ्या मांसाच्या मडक्यापर्यंत गेलं, तर ते मडकं बाटलं का? (ज्यू आहारनियमांत दूध आणि मांस एकत्र येता कामा नये.) शंका एका वाक्याची. पण त्या वाक्याकडे जाताना ती नवऱ्याच्या खोकल्यावर जाते, तिथून त्याच्या मरणावर, तिथून घरात ठेवलेल्या भाडेकरूंवर, तिथून मुलावर. मुलगा हुशार आहे, रात्रंदिवस अभ्यास करतो आणि अलीकडे बापासारखाच खोकतो. डॉक्टरने त्याला रोज सूप द्यायला सांगितलंय. मडक्याची एवढी काळजी का, हे ऐकणाऱ्याला तेव्हा उमगतं. लोक आधी पोट धरून हसतात आणि मग एकदम गप्प होतात.

या कथेत रब्बी एक अक्षर बोलत नाही. शेवटी तो चक्कर येऊन पडतो, तेवढीच त्याची भूमिका. मग नटाने बोलायचं कुणाशी? तालमीत मी रब्बीच्या खुर्चीत बसते. येंटे अंगावर येऊन बोलते, मी उत्तरासाठी तोंड उघडणार एवढ्यात ती दुसऱ्याच गोष्टीकडे वळते. नट माझ्या चेहऱ्यावरून ती वेळ हेरतात : बोलायचा विचार कुठे येतो, तो कुठे मरतो. प्रयोगात खुर्ची रिकामी असते, पण प्रत्येक विराम तिथे बसलेल्या माणसाचा असतो. आज एका ठिकाणी नट घाईने पुढे गेले. दिग्दर्शिका म्हणाली, “रब्बींना नकार द्यायला वेळच दिला नाहीत तुम्ही.” तो भाग तीनदा केला. तिसऱ्यांदा मुलाच्या खोकल्यानंतर नट थांबले, खुर्चीकडे बघत राहिले आणि मगच बोलले. संहितेत मी तिथे ‘रब्बी पाहतो’ असं लिहिलं.

‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ पाहिलेल्या मराठी माणसाला एकटा नट किती माणसं उभी करू शकतो हे सांगायला नको. शोलेम अलेखेमच्या बाबतीत मला जे वाटतं ते असं : त्याने बोलणारी माणसं निर्माण केलीच, पण ऐकणारा माणूसही कथेच्या आत बसवला. तेव्ये आपल्या सगळ्या गोष्टी ‘शोलेम अलेखेम’ नावाच्या लेखकालाच सांगतो. आगगाडीतल्या कथांमध्ये फिरत्या विक्रेत्याला सहप्रवासी आपापलं आयुष्य ऐकवतात. गरीब, गांजलेल्या, ज्याला कुणी दारात उभं करत नाही अशा माणसाला अखेरपर्यंत ऐकून घेणारा कुणीतरी आहे, हीच त्या कथांमधली माया. म्हणून आमच्या प्रयोगात एकच पात्र दिसतं, तरी कामं दोन आहेत, आणि ऐकण्याचं काम अधिक अवघड.

संध्याकाळी ५.३०

जेवणाची सुट्टी. नट ग्रीनरूममध्ये पाय वर करून पडतात. मी सेकंड अ‍ॅव्हेन्यूवर एक फेरी मारून येते. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हा रस्ता यिडिश रंगभूमीचा राजरस्ता होता. बाराव्या स्ट्रीटच्या कोपऱ्यावर मॉरिस श्वार्त्झच्या यिडिश आर्ट थिएटरसाठी बांधलेली इमारत उभी आहे, आता तिथे सिनेमे लागतात.

शोलेम अलेखेम पहिल्यांदा न्यूयॉर्कला आला तो १९०६मध्ये. तेव्हा यिडिश थिएटरं बाउरीवर होती. ८ फेब्रुवारी १९०७ला त्याची दोन नाटकं एकाच रात्री, दोन प्रतिस्पर्धी नटसम्राटांच्या थिएटरांत लागली : एक जेकब अ‍ॅडलरकडे, दुसरं बोरिस थोमाशेफस्कीकडे. दोन्ही पडली. तो खचून युरोपला परतला. त्याच्या मृत्यूनंतर तीनच वर्षांनी, १९१९मध्ये, श्वार्त्झने तेव्येचं नाटक रंगमंचावर आणलं आणि १९३९मध्ये त्यावर चित्रपट केला. १९६४मध्ये तेव्येच्याच कथांवरची ‘फिडलर ऑन द रूफ’ ही संगीतिका ब्रॉडवेवर आली आणि ३,२४२ प्रयोग चालली.

आमच्या प्रयोगाच्या आधीही ही वाट चोखाळली गेली आहे. थिओडोर बिकेल या नटाने तेव्येची भूमिका दोन हजारांहून अधिक वेळा केली आणि २००८मध्ये, वयाच्या चौऱ्याऐंशीव्या वर्षी, स्वतः शोलेम अलेखेमचा प्रयोग उभा केला. आमचे नट त्याचं नाव आदराने घेतात, त्याची नक्कल मात्र कटाक्षाने टाळतात.

संध्याकाळी ७

“अर्धा तास,” मी ग्रीनरूमच्या दारातून सांगते. “अर्धा तास, धन्यवाद,” आतून उत्तर येतं. वेळ ऐकली, ही पोच द्यायचीच असते. दारं उघडतात. माझा सहायक टेबलावरच्या वस्तू यादीशी ताडून बघतो : चष्मा, पत्रं, किटली, मडकं, पाण्याचा पेला, कागद. भाषांतराच्या पडद्याची पहिली आणि शेवटची पाटी तपासून होते. पंधरा मिनिटं, पाच मिनिटं, मग “जागेवर”. हेडफोन चढवते.

संध्याकाळी ७.३०

“लाइट एक, स्टँडबाय. गो.”

पहिल्या अंकात मुलगा ते लेखक हा प्रवास. तेराव्या वर्षी कॉलऱ्याने आई गेली. सावत्र आई आली ती शिव्याशापांचा खजिना घेऊन. पोराने तिचे सगळे शाप बाराखडीच्या क्रमाने लिहून काढले, आणि ते त्याचं पहिलं लेखन. हा प्रसंग नट इतक्या प्रेमाने करतात की शाप देणाऱ्या बाईचाही राग येत नाही. मग श्रीमंत जमीनदाराच्या घरची शिकवणी, विद्यार्थिनी ओल्गावर जडलेलं प्रेम, नोकरीवरून हकालपट्टी, आणि १८८३मध्ये तिच्या वडिलांच्या संमतीविना लग्न. पुढे सासऱ्याची इस्टेट हाती आली. त्याने त्या पैशातून यिडिश साहित्याचं वार्षिक काढलं, लेखकांना चांगलं मानधन दिलं आणि शेअर बाजारातही खेळला. १८९०मध्ये सगळं गेलं.

इथून ५२ ते ६१ हे प्रकाशाचे क्यू एकामागोमाग एक लागतात, कारण मेनाखेम-मेंडलची पत्रं आणि बायकोची उत्तरं यांची जुगलबंदी होते. पत्र डावीकडे, उत्तर उजवीकडे. मी संहितेकडे पाहत नाही, नटाच्या खांद्याकडे पाहते. खांदा वळायच्या आत प्रकाश पोचला पाहिजे.

रात्री ८.३५

मध्यंतर संपलं. दुसरा अंक जड. ऑक्टोबर १९०५मध्ये कीव्हमध्ये ज्यूंच्या वस्त्यांवर हल्ले झाले, लेखकाने कुटुंबासह हॉटेलात आसरा घेतला आणि मग देश सोडला. पैसा नव्हता, म्हणून तो गावोगाव आपल्याच कथांचं वाचन करत फिरू लागला. आज ज्याला आपण एकपात्री प्रयोग म्हणतो, तो त्याने स्वतःच आधी करून ठेवला होता. स्टेशनवर लोक त्याला बघायला गर्दी करत. १९०८च्या उन्हाळ्यात बारानोविची गावी अशाच दौऱ्यात तो कोसळला. क्षय. ‘मडकं’ आम्ही इथे घेतो. मुलाच्या खोकल्याची गोष्ट सांगणारा माणूस आता स्वतः खोकतो आहे, हे प्रेक्षकांना माहीत असतं.

आजचा तो विराम मी मोजला नाही, नुसता धरून ठेवला. पुढच्या क्यूवर बोट ठेवून बसले. सभागृहात खोकला, खुर्चीची करकर, काहीच नाही. सगळे त्या खुर्चीत बसून ऐकत होते. मग नट बोलले. “लाइट ८८, गो.”

त्यानंतर तेव्ये आणि खावा : लेकीने धर्माबाहेर लग्न केलं, आणि जंगलाच्या वाटेवर ती समोर येऊन उभी राहते तेव्हा तो घोडा हाकतो, थांबत नाही. आयुष्यभर लेखकाला सगळं सांगणारा हा बोलका माणूस पोटच्या पोरीचं मात्र ऐकून घेत नाही. संगीतिकेत बापलेकीची ताटातूट पाहिलेल्यांनाही ही मूळ कथा हादरवते, कारण इथे तेव्ये स्वतः ती सांगतो आणि सांगताना स्वतःला क्षमा करू शकत नाही.

शेवटी मृत्युपत्र. मोठा मुलगा मिशा गेल्यानंतर, १९१५मध्ये, पुन्हा न्यूयॉर्कला येऊन राहिल्यावर लिहिलेलं. मला श्रीमंतांमध्ये नव्हे, साध्या कष्टकऱ्यांमध्ये पुरा, अशी त्यात इच्छा आहे. पुण्यतिथीला जमा, माझी एखादी हसरी गोष्ट निवडा आणि तुम्हाला जी भाषा नीट कळते तिच्यात वाचा, असंही त्याने सांगितलं. अंत्ययात्रेला लाखाहून अधिक लोक रस्त्यावर होते.

रात्री ९.४५

टाळ्या ओसरल्यावर कुणी उठत नाही. पुण्यतिथीचं वाचन सुरू होतं. लेखकाची नात बेल कॉफमन, स्वतः नावाजलेली कादंबरीकार, हिने हा वार्षिक वाचनाचा रिवाज न्यूयॉर्कमध्ये अनेक दशकं जपला. २०१४मध्ये, एकशे तीन वर्षांची होऊन, ती गेली. आमच्याकडे आज एका विद्यार्थ्याने यिडिशमध्ये वाचलं, एका आजींनी रशियनमध्ये, एका शिक्षकाने स्पॅनिशमध्ये.

शेवटच्या रांगेत क्वीन्सहून आलेलं एक बेने इस्रायल जोडपं होतं, मूळचं अलिबागकडचं. यिडिश त्यांच्या घरात कधीच नव्हती, घरची भाषा मराठी. सामान आवरताना मावशींनी मला गाठलं. “अगं, ती येंटे मराठीत किती छान बोलेल! आमच्या लहानपणी सिनेगॉगमध्ये कीर्तनं व्हायची, जोसेफची, दाविदाची. कीर्तनकार एकटाच, पण सगळं गाव दिसायचं. पुढच्या वर्षी मराठीत वाचशील?” मी हो म्हटलं. काका म्हणाले, “म्हणजे आम्ही नक्की येऊ.”

रात्री १०.४५

प्रयोगाचा अहवाल : सुरुवात ७.३६, ‘मडकं’मधला नवा विराम कायम ठेवावा, क्यू ५७ अर्धा सेकंद लवकर हवा, किटलीची कडी सैल झाली आहे, चष्म्याचा जोड घ्यावा. दिग्दर्शिका, नट, ऑपरेटर, सगळ्यांना ईमेल. उद्या सुट्टी, परवा दुपारी दोनला शाळेच्या मुलांसाठी प्रयोग. त्यासाठी भाषांतराच्या पाट्यांची अक्षरं मोठी करायची आहेत.

रात्री ११.३०

सबवेत बसायला जागा मिळाली. वही उघडून येंटेचं पहिलं पान मराठीत लिहायला घेतलं. रब्बीला ती काय म्हणेल, नवऱ्याला काय म्हणेल, हे हळूहळू ठरेल. एक गोष्ट मात्र आजच ठरवून टाकली : ही कथा मी एकटीने घरी बसून पुरी करणार नाही. पुढच्या महिन्यात क्वीन्सला जाऊन मावशींना समोर बसवून वाचणार, त्या जिथे मान हलवतील तिथे थांबणार आणि मगच पुढची ओळ लिहिणार. या लेखकाचं काम असंच करायला हवं.